त्यांचं ताट अजून तुझ्याकडेच आहे

‘ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे एप्रिलमध्ये आम्ही कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर आलो. तो पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, घर कुवा गावात. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं, माळकरी. मी अंडंही खात नाही. येताना आईनं मेतकूट, कांदा-लसूण मसाला, पोहे, भाजणी सगळं बांधून दिलं. मी रोज पहाटे उठून पोहे, उपीट, थालीपीठ करते. नवरा दोन घास खातो आणि निघतो, कारण वाटेत त्याला डबल्स खायचे असतात. रोज! मैद्याच्या तळलेल्या पुऱ्या, वर छोले, तेही रस्त्यात उभं राहून. यावरून आमची भांडणं होतात.

इथली माणसं दिसायला आपल्यासारखी, नावं आपल्यासारखी, पण बोलणार इंग्रजीत. आणि खाणं म्हणजे आपल्याच पदार्थांची बिघडलेली नक्कल. रोटीत बेकिंग पावडर घालतात! दिवाळीला शेजारच्या आंटींनी ताट भरून फराळ आणून दिला. त्यातला “कुर्मा” म्हणजे आपली शंकरपाळीच, पण दगडासारखी. मी सहज म्हणाले, आमच्याकडे ही अशी कडक नसते. त्या हसल्या. त्यानंतर आल्याच नाहीत. त्यांचं ताट अजून माझ्याकडेच आहे. पूर्वी त्या नदीवर, समुद्रावर चल म्हणायच्या, पण तिथे सगळे मटण-मासे शिजवणार म्हणून मी कधी गेले नाही. दिवसभर एकटी असते. सहा किलो वजन उतरलंय. काही महिने आईकडे निघून जाऊ का?’

प्रिय मैत्रिणी,

पत्र दोनदा वाचलं. नवरा, डबल्स, भांडण हे सगळं आहेच, पण दोन्ही वेळा मी थबकले ती त्या ताटापाशी. दिवाळी होऊन महिना उलटला आणि शेजारणीचं ताट तुझ्या ओट्यावर पडून आहे. भांडं रिकामं परत करायचं नसतं हे तुला कुणी शिकवायला नको. म्हणजे भरून काय द्यावं ते सुचेना, आणि जसे दिवस गेले तसं ते नेऊन देणं अधिकच जड होत गेलं. असंच झालं ना? त्याचं बघू.

त्याआधी एक. सहा किलो वजन उतरणं साधं नाही. या आठवड्यातच डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघायला सांग. एकटेपणानंही माणूस वाळतं, पण तेच कारण असेल असं आपण घरबसल्या ठरवून टाकू नये.

मी स्वतः सॅन फर्नांडोला, तुझ्या गावापासून थोडं दक्षिणेला, पाच वर्षं काढली आहेत. माझ्याही फडताळात आईच्या हाताची भाजणी होती आणि ती संपत आली की पोटात गोळा यायचा. ‘बिघडलेली नक्कल’ हे तुझे शब्द मला लागले, कारण पहिलं वर्षभर ते माझ्याही मनात होते. त्यामुळे मी ते माझ्या मनातून कसे गेले तेवढंच सांगते.

आमच्या गल्लीत एक म्हातारी शेजारीण होती. तिचा नातू शाळेतून आला की फाटकातूनच हाक मारायचा, ‘आजी!’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं तसंच टाकून बाहेर धावले. वाटलं, कुणीतरी मराठी माणूस आलं. त्रिनिदादमध्ये वडिलांच्या आईला आजीच म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजा. भोजपुरीतून आलेला शब्द. मी वेड्यासारखी फाटकात उभी, आणि ती म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, ये, चहा घे. त्या दिवसापासून मीही तिला आजीच म्हणायला लागले.

तिच्या स्वयंपाकघरात मी जे ऐकलं ते तुझ्या आंटींच्या स्वयंपाकघरातही रोज बोललं जातं, फक्त तू तिथे पाऊल टाकलेलं नाहीस. तवा म्हणजे तवाच. जिरं म्हणजे गीरा, हळद म्हणजे हार्दी. वरण घोटायची लाकडी रवी असते तिला ‘डालगुटनी’ म्हणतात. फोडणी देणं म्हणजे ‘चुंके’: लांब दांड्याच्या पळीत, तिला तिथे कलचुल म्हणतात, तेल, लसूण आणि जिरं काळपट होईपर्यंत तापवायचं आणि सर्रकन वरणात बुडवायचं. तो आवाज आणि तो वास आल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले. बोलत होती ती इंग्रजीच, पण तिच्या इंग्रजीत सगळी भांडीकुंडी आपली होती.

ती भांडीकुंडी तिथे कशी पोचली, तेही ऐक. ३० मे १८४५ या दिवशी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज कोलकात्याहून निघून त्रिनिदादच्या किनाऱ्याला लागलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती, उसाच्या मळ्यांवर करारानं आणलेली. १९१७ पर्यंत ही वाहतूक चालली आणि सुमारे १ लाख ४५ हजार माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली. आपल्या कोकणातले गिरमिटिये गेले ते मॉरिशसला, त्रिनिदादला मराठी जवळजवळ पोचलीच नाही. म्हणून आंटींच्या तोंडून आपली भाषा येत नाही याचा राग धरू नकोस. त्यांच्या पणजीची भाषा तू बोलतेस असंही नाही.

उतरलेल्या माणसांना हरभऱ्याची डाळ कुठून मिळणार? मळ्याच्या दुकानात पिवळा वाटाणा मिळायचा. त्याचीच डाळ, त्याचंच सारण, त्याचीच डालपुरी. कोथिंबीर त्या उकाड्यात टिकेना, तर ओलसर जागी उगवणारं एक लांब, करवती कडांचं पान त्यांनी उचललं, ज्याला कोथिंबिरीचाच वास होता, पण दसपट उग्र. इतर लोक त्याला शाडो बेनी म्हणतात. हिंदू घरांत अजूनही त्याचं नाव आहे ‘बनधनिया’. रानातलं धणं! कुणीतरी बाई मळ्याच्या कडेला वाकली असेल, पान चुरगाळून नाकाशी धरलं असेल आणि तिला घरचा वास आला असेल. हे पान चटणीत, वरणात, चिंचेच्या आंबटात, सगळीकडे असतं. तुझ्या आमटीत एकदा घालून बघ, दोनच पानं.

आणि आता तुझी ती बेकिंग पावडर. ‘सादा रोटी’त ती असते, मान्य. पण ती रोटी म्हणजे आपली पोळी नव्हेच. ती न्याहरीची जाड रोटी आहे. आजीकडे पहाटे साडेपाचला मी ती बघितली. पीठ मैद्याचं, सैलसर मळलेलं. तव्यावर दोन्हीकडून डाग पडले की तवा थोडा मागे ओढायचा आणि रोटीची कड उघड्या जाळावर सरकवून फिरवत राहायची. याला ती म्हणायची ‘सेके’. आपलं शेकणंच की! रोटी अशी टम्म फुगायची की आजीच्या चेहऱ्यावर रोज नव्यानं समाधान यायचं. मग तिचे चार तुकडे. दुसऱ्या शेगडीवर वांगं भाजत असायचं. त्याला आधीच सुरीनं चिरा देऊन प्रत्येक चिरेत लसणाची अख्खी पाकळी खुपसलेली. वांग्याबरोबर लसूण आतल्या आत मऊ व्हायची. साल काढून ठेचायचं, वर बारीक कांदा, त्यावर कडकडीत तेल. हा ‘बैगन चोका’. खानदेशात, कोल्हापुरात आपण भरीत खाल्लेलं असतं, पण लसूण वांग्याच्या पोटात भाजायची ही युक्ती मला आजीनं दिली आणि आज पुण्यात माझ्या घरी भरीत तसंच होतं. टोमॅटोचाही चोका करतात. यात तुझ्या नियमाबाहेरचं काय आहे सांग?

आता डबल्स. यात तुझा एक मुद्दा पूर्ण बरोबर आहे आणि एक चूक.

चूक ही, की तू त्यांना छोले-पुरी समजतेस. एकदा हातगाडीजवळ नीट उभी राहून बघ. पेटीत कापडाखाली मऊ ‘बारा’ रचलेले असतात, हळद घातलेले, तळलेले पण वाफेनं लुसलुशीत झालेले. बारा म्हणजे आपल्या वड्याचाच भाऊबंद शब्द. विकणारा डाव्या तळहातावर कागद धरतो, त्यावर दोन बारा एकमेकांवर थोडे चढवून ठेवतो, चमचाभर मऊ शिजलेले चणे, मग चिंच, काकडी, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं, शेवटी तिखट. मग कागदाची दोन्ही टोकं पिळून पुडी हातात. हे सगळं होईपर्यंत तुला श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. सांगतात ते असं, की १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनमध्ये एक कुटुंब आधी एकाच बाऱ्यावर चणे घालून विकायचं. गिऱ्हाइकं ‘डबल कर’ म्हणायला लागली आणि नाव पडलं. खाताना पुढे वाकावं लागतं, नाहीतर रस साडीवर. आणि बहुतेक ठिकाणी किती खाल्ले हे तूच शेवटी सांगायचं आणि तेवढे पैसे द्यायचे.

त्या गाडीभोवती कोण असतं बघ. सूट घातलेला बँकेतला माणूस, गणवेशातली मुलं, रात्रपाळी करून आलेला कामगार, नर्स, पोलीस. आफ्रिकी वंशाचे, भारतीय वंशाचे, चिनी, सगळे खांद्याला खांदा लावून वाकलेले. तुझा नवरा तिथे फक्त पोट भरत नाही. दिवसभर परक्या कचेरीत इंग्रजी बोलायचं, त्याआधीची दहा मिनिटं तो त्या घोळक्यातला एक असतो. तू कोल्हापूरची आहेस. मिसळीच्या टेबलावर अनोळखी माणसासमोर बसून ‘कट द्या’ म्हणण्यात काय सुख असतं ते मी तुला सांगावं? त्याला ते तिथे सापडलंय. तुला सापडलेलं नाही, आणि भांडणाचं मूळ मला पोह्यांपेक्षा यात जास्त दिसतं.

तुझा बरोबर मुद्दा असा, की रोज तळलेला मैदा खाऊ नये. त्रिनिदादमध्ये मधुमेह घरोघरी आहे. तिथे त्याला नुसतं ‘शुगर’ म्हणतात आणि पन्नाशीच्या माणसांच्या गप्पांत तो हमखास निघतो. तेव्हा नवऱ्यालाही माझा निरोप दे: आठवड्यातून दोन दिवस डबल्स, बाकीचे दिवस घरची न्याहरी, आणि खायची नसेल तर आदल्या रात्री सांगायचं. पहाटे उठून केलेले पोहे दोन घासांवर टाकून जाणं बरं दिसत नाही. आणि त्या दोन दिवसांतला एक दिवस शनिवार असेल, त्या दिवशी तो एकटा जाणार नाही.

शाकाहाराबद्दल तू उगाच धास्तावली आहेस. तुला एक गोष्ट माहीत नसेल: तिथल्या हिंदू घरांत ‘फास्टिंग’ म्हणजे मांसाहार वर्ज्य. पूजेआधी, दिवाळीआधी, नवरात्रात लोक कितीतरी दिवस ‘फास्टिंग’ असतात, म्हणजे पोटभर जेवतात पण मांस-मासे शिवत नाहीत. मी आजीला म्हटलं की मी शाकाहारी आहे, तर तिनं विचारलं, किती दिवसांचा उपास? मी म्हटलं, जन्माचा. ती गप्प झाली, उठली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळं पातेलं घेऊन आली. त्यांच्या घरी वेगळी भांडी असतात, वेगळा हात असतो. लग्नात तर केळीसारख्या मोठ्या ‘सोहारी’च्या पानावर सात भाज्या वाढतात: भोपळा, चणे-बटाटा, कैरी, कटहर, पालेभाजी... सगळं शाकाहारी, सगळं हातानं. त्या पंगतीत बसलीस तर आईची आठवण येईल, पण रडू येणार नाही.

बाहेर मात्र विचारून खा. कॅलालू अळूच्या पानांचं आणि भेंडीचं, नारळाच्या दुधातलं, दिसायला थेट आपलं फदफदं, पण त्यात बहुतेक वेळा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं शेपूट असतं. राजम्यातही असू शकतं. रविवारच्या जेवणातल्या मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. पेलाव म्हणजे जळवलेल्या साखरेत कोंबडी परतून केलेला तुरीच्या दाण्यांचा भात. तो घरी कोंबडीशिवाय सुरेख होतो, साखर मात्र काळपट तपकिरी रंगावर येईपर्यंत धीर धरायचा. दक्षिणेला डेबे गावात रस्त्याकडेला खाण्याच्या गाड्यांची रांग लागते. तिथे ‘साहिना’ घे. अळूची पानं पिठात थापून, गुंडाळून, तळलेली. पहिल्या घासाला कळेल काय आहे ते. मी तिथे उभी राहून चार खाल्ल्या होत्या. रास्तफारी पंथाच्या लोकांची ‘आयटल’ खानावळ दिसली तर बिनधास्त जा, तिथे मांस नाही.

एक साधी गोष्ट, जिच्याशिवाय बाकीचं सगळं वाया जाईल. तिथे दुकानात शिरताना, मॅक्सी टॅक्सीत, म्हणजे तिथल्या छोट्या बसमध्ये, चढताना, दवाखान्याच्या बाकावर बसताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. सगळ्यांना मिळून, मोठ्यानं. मी पहिल्या महिन्यात एका किराणा दुकानात शिरले आणि सरळ विचारलं, मसूर आहे का? काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, हातातलं काम थांबवलं आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, ‘गुड... मॉर्निंग.’ रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी कानापर्यंत लाल. आपल्याकडे ओळखीशिवाय कुणी बोलत नाही. तिथे न बोलता शिरणारा माणूस उद्धट ठरतो. आणि अंधार पडल्यावर कुणी फाटकाशी येऊन ‘गुड नाइट’ म्हणालं तर ते निघालेले नसतात, आलेले असतात. आंटी एखाद्या संध्याकाळी ‘गुड नाइट’ म्हणाल्या आणि तूही ‘गुड नाइट’ म्हणून दार लावलंस, असं तर झालं नाही ना? माझ्याकडून एकदा झालंय. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली.

त्या तुला नदीवर बोलवत होत्या ते ‘लाइम’साठी. लाइम करणं म्हणजे काही न करणं, पण चारचौघांत. आपला कट्टा म्हण, पारावरच्या गप्पा म्हण, फक्त त्यात बायका, मुलं, म्हातारे सगळे. कौराच्या नदीकाठी रविवारी चुली पेटतात, बदकाचा रस्सा उकळतो, गाणी चालू असतात, मुलं पाण्यात. हो, बदक असणारच. पण त्याच्या शेजारच्या पातेल्यात भात आणि वरण असतं, आणि तुझ्या हातात काय असावं ते मी सांगते: ‘चाव’.

घट्ट कैरी किंवा अर्धवट पिकलेला अननस घे, बोटाएवढे तुकडे कर. लसणाच्या दोन पाकळ्या ठेच, बनधन्याची पानं बारीक चिर, मीठ, लिंबू, मिरचीचा एक चाटा. सगळं हातानं कालव आणि अर्धा तास झाकून ठेव. कैरीला पाणी सुटतं, तो रस शेवटी भांड्याला तोंड लावून प्यायचा असतो. अंबाड्याच्या जातीचं एक फळ तिथे मिळतं, त्याला ‘पॉमसिते’ म्हणतात. त्याचाही चाव होतो. माराकासच्या समुद्राकडे जाताना घाटात एक थांबा आहे, तिथे पिशव्यांत भरून विकतात, आणि चिंचेचे साखर-मिरचीत घोळलेले गोळेही. माराकासला लोक जातात ते तळलेल्या पावातला शार्क खायला. तू चाव खा, पाय पाण्यात सोड, आणि परतताना राजधानीतल्या क्वीन्स पार्क सवाना मैदानाच्या कडेला शहाळं पी. आत मलई हवी असेल तर ‘जेली’ माग.

चावचं मोठं भांडं घेऊन गेलीस की तू पाहुणी उरत नाहीस. आणि तिथे एखादे आजोबा भेटतील, तू मुंबईकडची म्हटल्यावर हमखास गावसकरांवर येतील. १९७१ च्या मार्चमध्ये तिथल्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर त्यांनी पदार्पण केलं, ६५ आणि नाबाद ६७. कर्णधार वाडेकर, सरदेसाईंचं शतक, आणि वेस्ट इंडिजवर आपला पहिला कसोटी विजय. हरलेल्या लोकांनी त्या पोरावर कॅलिप्सो, म्हणजे तिथलं लोकगीत, रचलं. त्या आजोबांचं ऐकून घे, तासभर सहज जाईल.

आता ते ताट.

डिसेंबर आहे. तिथे सगळी घरं नाताळ करतात, हिंदूही: पडदे बदलणं, रंगरंगोटी, फळांचा काळा केक. बाजारात ‘सॉरेल’ आलं असेल, लालभडक बोंडांचे ढीग. नीट बघ, ही लाल अंबाडी आहे. आपण पाल्याची भाजी करतो, ते बोंडांचं सरबत करतात: पाकळ्या सोलून लवंग, दालचिनी, आल्याबरोबर उकळायच्या, रात्रभर मुरवून गाळायच्या, मग साखर. आणि याच सुमारास हिरव्या तुरीच्या शेंगा येतात. ओसरीवर घमेलं घेऊन बायका शेंगा सोलत बसतात. आपले सोले गं! मार्गशीर्षात तुझी आई काय करत असेल तेच.

ताट भरायला पुरणपोळी कर. शंकरपाळी अजिबात नको. पुरणपोळी यासाठी, की आंटी डालपुरी लाटतात. वाटलेली डाळ पिठात भरून न फुटू देता पातळ लाटायची हे त्यांचे हात जन्मभर करत आले आहेत. तुझी पोळी उलटून बघताच त्यांना कळेल तुझे कष्ट किती. सहा पोळ्या, वर तूप, आणि फाटकाशी जाऊन आधी ‘गुड आफ्टरनून, आंटी’. मग सरळ बोल: दिवाळीला मी तुमच्या कुर्म्याबद्दल बोलले ते बोलायला नको होतं. एवढंच. समजावून सांगत बसू नकोस, ‘आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं’ नको. कुर्मा कडकच असतो, आल्याच्या पाकात घोळवलेला, आणि तो तसाच हवा म्हणून त्यांनी दोन तास तळला होता. पोळीबद्दल त्यांनी विचारलं तर काय घातलंय ते सांग. त्या ‘जास्त गोड आहे’ म्हणाल्या तर हस. त्या हसल्या होत्या तशी.

मग शेंगा सोलायला बस. त्यांना विचार, रोटी फुगते कशी ते दाखवाल का? शिकायला आलेल्या मुलीला कुणी फाटकातून परत पाठवत नाही, निदान त्या बेटावर तरी मी पाहिलं नाही. सोल्यांची आमटी तू कर, चोका त्या करतील. तुझं दुपारचं जेवण एकटीचं राहणार नाही. आज तू एक वाजता पानावर बसतेस तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आई झोपलेली असते. त्या एकाच वेळेला तुला कुणीतरी समोर हवंय, आणि ते माणूस भिंतीपलीकडे आहे.

आईकडे जायचं तर जरूर जा. उन्हाळ्यात जा, महिनाभर राहा, डॉक्टरांनी आधी जा म्हटलं तर आधी जा. पण हे ताट ओट्यावर ठेवून जाऊ नकोस. तसं गेलीस तर परत येणं कठीण होईल, आणि मग नवराही तिथे एकटा पडेल. भाजणी तुझ्या फडताळात राहू दे. गुरुवारी थालीपीठ कर, आंटींनाही दे. ते सोडायला मी सांगत नाहीये.

शनिवारी सकाळी सहाला नवऱ्याबरोबर नीघ. उन्हाच्या आधी गर्दी कमी असते. साडी नको, ओढणी बांधून घे, हातरुमाल ठेव. विकणारा विचारेल, तिखट किती? जगातली सगळ्यात तिखट म्हणून २०१२ साली नोंदवली गेलेली मोरुगा स्कॉर्पियन मिरची त्याच बेटाच्या दक्षिणेची आहे, तेव्हा कोल्हापूरचा अभिमान घरी ठेव आणि म्हण, ‘स्लाइट’.

तुझी,
ताई